शेवटचं चाक

"दाब… दाब… दाब… आता धर वं. सोडू नोको. मी म्हणीन तवाच सोडजो."

हा आवाज जमिनीतून यायचा. मिनीट्रकच्या पोटाखालून, ग्रीसच्या आणि तापलेल्या रबराच्या वासातून, बाबांचा. बाबा दिसायचे नाहीत. दिसायच्या त्या चाकाशेजारी उरलेल्या त्यांच्या चपला, आणि कधी एखादा गुडघा. वर ड्रायव्हरच्या सीटवर पाठीशी उशी घेऊन मिनल बसलेली असायची, कारण उशीशिवाय तिचा पाय पुरत नसे. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचं आणि उजवा पाय पॅडलवर रोवायचा. खाली बाबा चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, अर्धा आटा ढिला करत, नळीतून ब्रेकचं तेल बाटलीत उतरे, तेलाबरोबर बुडबुडे. पॅडल तिच्या पायाखालून खोल जाई, विहिरीत पोहरा जावा तसं. तळाशी धरून ठेवायचं. बाबांनी निपल कसला की ते म्हणत, "हां, सोड." त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत. तेल दबत नाही आणि हवा दबते, म्हणून नळीत हवा राहिली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, वाटेतच विरून जातो. मिनलला हे सातवीत माहीत होतं. वर्गातल्या बाकीच्या मुली तेव्हा विणकामाचे टाके मोजत होत्या.

आज सकाळी तो आवाज तिला मनीषनगरच्या सिग्नलवर ऐकू आला, सत्तावीस वर्षांनी. तशी घडलेली गोष्ट अगदी लहान. कचेरीत जायला उशीर झाला होता, सिग्नल लाल होता, पाय ब्रेकवर होता, उताराचा रस्ता होता. ती समोरच्या ऑटोच्या पाठीवर लिहिलेलं काहीतरी वाचत होती आणि तिच्या लक्षात आलं की अक्षरं मोठी होत आहेत. गाडी पुढं सरकत होती. पाय तर दाबलेलाच होता. पण पायाखालचं पॅडल हळूहळू, कुणी झोपेत कूस बदलावी तसं, खाली जात होतं. तिनं हँडब्रेक ओढेपर्यंत ऑटोला टेकलीच गाडी. नुसती टेकली. ऑटोवाला उतरला, ऑटोची पाठ हातानं चाचपली आणि म्हणाला, "काय मॅडम, ढुशी मारून राहिल्या! गाडी आहे का गोऱ्हा आहे?" मागचे दोघंतिघं हसले. तीही हसली, माफी मागितली. मग सिग्नल हिरवा झाला, सगळे निघून गेले, आणि ती गाडी कडेला घेऊन बसून राहिली. उजव्या पायाची पोटरी थरथरत होती. पोटरीला आठवत होतं. बाकी अंगानं, डोक्यानं, जिभेनं सत्तावीस वर्षं जे नीट घडी घालून ठेवलं होतं ते पोटरीनं एका सिग्नलमध्ये उलगडून पसरलं होतं.

बाबा आता तिच्याकडेच राहत. चौऱ्याहत्तर वर्षांचे मधुकरराव, मनीषनगरातल्या तिच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्ची टाकून. गेल्या महिन्यात भागीरथाकाकू वारली तेव्हापासून ते खुर्चीतून फारसे उठले नव्हते. भागीरथाकाकू म्हणजे रुपराव ड्रायव्हरची बायको. रुपराव सत्तावीस वर्षांपूर्वी गेला तो बाबांनी ब्रेक करून दिलेल्या गाडीत. दर वर्षी त्या तारखेला बाबा बसनं कळमन्याला जात, भागीरथाकाकूच्या अंगणात उभे राहत. ती बाज टाके, चहा देई आणि एक शब्द बोलत नसे. बाबा चहा पीत, कपबशी स्वतः विसळून ठेवत आणि परत येत. एवढंच. या खेपेला तारखेच्या आधी तीच गेली. तिला पोचवून आल्यावर बाबा दारातच चप्पल न काढता म्हणाले होते, "आता माफ कराले कोनीच नाही राहिलं वं." मिनल तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिच्याजवळ एक वाक्य होतं. ते सांगितलं असतं तर बाबांना कुणाच्या माफीची गरजच उरली नसती. तिनं तांब्या पुढं केला.

ते वाक्य काही तिला सापडत नव्हतं असं नाही. दळण दळताना ओवी आपसूक ओठावर यावी तसं ते येई, भाजी निवडताना, कचेरीत टपालावर शिक्के मारताना, जितेंद्र शेजारी घोरत असताना. येई आणि दातांपाशी थांबे. बाबांचे हात तिच्या डोळ्यांसमोर असत. रुंद, नखांच्या कडेला काळी रेघ कायमची बसलेली. हे हात कळमना मार्केटच्या रस्त्यावर प्रसिद्ध होते. काटोलकडून संत्री घेऊन येणारे ड्रायव्हर दोन गॅरेज सोडून बाबांकडं येत. बाबा गाडी उघडायच्या आधी डॉक्टरसारखे विचारत बसत. गाडी एकीकडं ओढते का? म्हणजे एका चाकाचं पिस्टन अडकलं. पायाला थरथर लागते का? ड्रम वाकडा झाला. करकर आवाज येतो? लायनर संपलं, पत्रा पत्र्याला घासतो. आणि दोन-तीनदा मारल्यावरच लागतो का? मग हवा. एवढं झाल्यावर पाना हातात घेत. ड्रायव्हर म्हणत, मधुभाऊ, तू गाडीची नाडी पाहतं गा. त्या दिवसानंतर त्या हातांनी ब्रेकचा पाना उचलला नाही. बाबांनी गॅरेज बंद केलं आणि जरीपटक्यात एका दुकानात पंखे, मिक्सर, कूलरच्या मोटारी दुरुस्त करायला लागले. मिनलनं एकदा विचारलं होतं, पंखेच काहून बाबा? ते म्हणाले होते, "पंख्याले थांबवा लागत नाही. बटन बंद केलं का तो आपल्या आपन थांबते. कोनी मरत नाही."

आणि हे सगळं तिच्या पायाचं होतं.

गॅरेजात बाबा एकटेच. माणूस ठेवला की टिकत नसे, कारण बाबा एकच नट तीनदा उघडून बसवायला लावत. म्हणून शाळेतून आली की मिनल. आई चिडायची. "पोट्टीले ट्रकात कायले बसवता? उद्या सोयरिकीले मानसं येतीन तं काय सांगू, पोरगी बिरेक दाबते?" बाबा हसत. "हौ, सांगजो. हिच्या पायाले कान आहेत म्हणा." ते खरंच तसं मानत. पॅडल कुठपर्यंत जातं, कुठं अडतं, अडताना दगडावर पाय पडल्यासारखं लागतं की ओल्या पोत्यावर, हे ती सांगे आणि बाबा त्यावर पुढचं ठरवत. चारी चाकांची हवा काढून झाली की बाबा खालूनच विचारत, कसं लागून राहिलं, आणि ती सांगे. ती कडक म्हणाली की बाबा बाहेर येत आणि हात पुसत. स्वतः दाबून पाहत नसत. दुसरा कुठलाही मिस्त्री पाहतो. बाबांची ही एकच खोड, आणि गॅरेजात येणाऱ्यांना तिचं कौतुक होतं. ड्रायव्हर मुद्दाम थांबून पाहत. "मधुभाऊ, पोरीच्या पायावर एवढा भरोसा?" बाबांचा आवाज खालून येई, "तुह्या डोळ्याइवर नाही गा तेवढा." सगळे हसत. मिनलला तेव्हा आपण कुणीतरी आहोत असं वाटे. घरात ती आईची मुलगी होती, शाळेत एकवीस नंबर होती, त्या उंच सीटवर मात्र तिच्या तळपायाला विचारल्याशिवाय गाडी रस्त्याला लागत नव्हती.

तो दिवस फेब्रुवारीतला. मृग बहाराची संत्री बाजारात आली होती, रस्ताभर तो आंबटगोड वास, पायाखाली चिरडलेल्या साली. दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती. ती भूमितीचा पेपर देऊन तशीच गॅरेजात आली, निळ्या स्कर्टमध्ये. घरी जाऊन सलवार घालून यायला हवं होतं. पण बाबा म्हणाले, रुपरावले घाई आहे, छिंदवाड्याले निघाचं आहे, चढ वं लवकर. रुपराव सगळ्यांचा आवडता. भजनात टाळ वाजवायचा, येताना तिला दोन संत्री आणायचा, बायकोचं नाव घेऊन गमती करायचा. एवढा भला माणूस. गेल्या दिवाळीपासून मात्र संत्री देताना त्याचा हात तिच्या हातावर उरायला लागला होता. जरासाच. इतका जरासा की सांगायला घ्यावं तर सांगण्यासारखं काहीच नाही. मागची दोन चाकं झाली, पुढचं डावं झालं. शेवटचं चाक पुढचं उजवं, ड्रायव्हरच्या दाराखालचं. बाबा तिथं खाली सरकले. दार उघडं होतं, कारण बाबांचा आवाज नीट ऐकू यायला हवा. त्या उघड्या दारात रुपराव येऊन उभा राहिला, एक हात दाराच्या चौकटीवर टाकून. सीट उंच, तो खाली. बाबा त्याच्या पायांशी पाठ जमिनीला लावून, डोळे निपलवर.

"दाब… दाब… धर."

तिनं धरलं. पॅडल खोल गेलं आणि पाय ताणला तसा स्कर्ट गुडघ्याच्या वर सरकला. रुपराव पाहत होता. ज्या डोळ्यांनी माणूस दुकानातल्या काचेआडची मिठाई पाहतो त्याच डोळ्यांनी, घाई न करता. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि पाय तळाशी. हलता येत नव्हतं. बाबांनी हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. किती वेळ गेला? बाबांचा पाना निपलवरून एकदा निसटला, ते पुटपुटले, पुन्हा लावला, नळी बाटलीतून बाहेर आली होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. चार श्वास असतील. चौथ्या श्वासाला तिनं पाय उचलला, मांड्या मिटल्या, स्कर्ट खाली ओढला आणि पुन्हा पाय ठेवला. खालून आवाज आला, "हां, सोड." बाबांना कळलं नाही. तिला कळलं. पुढच्या दाबाला पॅडल ओल्या पोत्यासारखं लागलं. दोनदा मारल्यावर वर आलं खरं, पण आत, खोल, काहीतरी श्वास घेत होतं.

बाबांनी विचारलं. तिनं सांगायला हवं होतं, बाबा, पुन्हा करा. मग बाबा म्हणाले असते, काहून? मग ती काय म्हणणार होती? पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा बसायचं, पुन्हा पाय ताणायचा. दार तसंच उघडं होतं. रुपराव तसाच उभा होता. "कडक आहे," ती म्हणाली आणि त्याच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेतानं दुसऱ्या दारानं खाली उडी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बटाटे भरून परत येताना, सिल्लेवानीचा घाट उतरताना गाडी वळणावरून खाली गेली. रुपराव दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्धीवर होता. बाबा धावले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "मधुभाऊ, पयल्या झटक्याले खालीच गेलं गा. तिसऱ्यांदा मारलं तवा लागलं." मग गेला. पोलिसांनी अतिवेग लिहिला. पण बाबांनी ते वाक्य ऐकलं होतं, आणि ते वाक्य म्हणजे त्यांच्या लेखी रोगाचं नावच होतं. हवा. हवा राहिली होती, आणि ती काढणारे हात त्यांचे होते. पोलिसांचा कागद पुरेसा होता, कुणी बाबांना काही विचारत नव्हतं. तरी अंत्ययात्रेच्या आधी ते भागीरथाकाकूपुढं जाऊन उभे राहिले. ती आपल्याकडं बाया रडतात तशी रडत होती, सूर धरून, एकेक ओळ बांधून:

"घाटाच्या वळनावर वं माय, चाकाले नाही राहिलं भान,
कोन्या हातानं केला ढिला वं, माह्या चालत्या गाडीचा कान…"

कोन्या हातानं. ती कुणाला विचारत नव्हती. रडण्यातली ओळ ती, देवाला असते. पण बाबांनी उत्तर दिलं. सगळ्यांदेखत, हात पुढं करून म्हणाले, "वहिनी, ह्या." रडणं थांबलं. भागीरथाकाकूचा भाऊ अंगावर धावून आला. "पोरीच्या भरोशावर कोनी बिरेक करते का बे? लहान पोट्टी बसवतं आणि खुशाल खाली लेटतं!" तेव्हा बाबा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "पोरीचं नाव काढू नोको. तिचा पाय चुकत नाही. माहा हात चुकला." मिनल आईच्या पदराआड उभी होती. तिचा पाय तेव्हाही थरथरत होता. तिला वाटलं सगळ्यांना दिसेल. कुणाला दिसलं नाही. आणि त्या सकाळची बातमी पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा, त्या पहिल्या श्वासात, तिच्या मनात काय होतं, तिथवर ती पुढं कधी गेली नाही. त्या खोलीला तिनं कडी घातली होती.

आज संध्याकाळी कचेरीतून येताना तिनं गाडी गॅरेजात दाखवली. तिथल्या मिस्त्रीनं पॅड बदलले आणि म्हणाला, मक्खन झाली मॅडम. रस्त्यात पुन्हा तसंच. सिग्नलला धरून ठेवलं की पाय हळूहळू खाली. घरी येऊन ती जितेंद्रला फोनवर सांगत होती. तो चंद्रपूरला नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. "अगं, ब्रेकमध्ये हवा असेल," तो म्हणाला, "किंवा तुझ्या पायात जोर नसेल," आणि स्वतःच हसला. ती म्हणाली, "हवा नाही." "तुला काय माहीत?" या माणसाला लग्नाला अठरा वर्षं होऊनही तिचा पाय माहीत नव्हता. फोन ठेवून वळली तर बाबा मागच्या खोलीच्या दारात उभे होते, भिंतीला हात लावून.

"पुन्हा पुन्हा मारलं का वर येते," त्यांनी विचारलं, "का धरून ठेवलं का खाली जाते?"

सत्तावीस वर्षांतला त्यांचा ब्रेकविषयीचा पहिला शब्द. "धरून ठेवलं का," ती म्हणाली. "हळूहळू. तळाला जात नाही, पण थांबतही नाही."

"तेल कमी झालं?"

"नाही. तेवढंच आहे."

"चाकाजवळ ओल?"

"कुठंच नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांचे ओठ काही मोजत असल्यासारखे हलत होते. "मंग हवा नाही. मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. आतल्या आत गळून राहिलं. बाहेर थेंब नाही दिसत, म्हनून त्या बह्याड मिस्त्रीले नाही समजलं." मग, खिडकीकडं पाहत, इतक्या हळू की ते तिला ऐकू जावं असं त्यांना वाटत नसावं, "मी करून देऊ का?"

रविवारी सकाळी ते खरंच उतरले. जुने पाने पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून निघाले, तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. म्हणजे सत्तावीस वर्षं ते त्यांना तेल लावत होते, हे तिला तेव्हा कळलं. नवा सिलिंडर तिनं आणून दिला होता. बाबांनी बोनेट उघडलं आणि कितीतरी वेळ नुसते पाहत उभे राहिले. हात पुढं गेला, मागं आला. पहिला नट उघडताना पाना दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला, आणि मग हळूहळू हातांना आपलं घर आठवल्यासारखं झालं. पहिल्या मजल्यावरच्या यमुताई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना राहवेना. "काय हो मधुकरराव, या वयात गाडीखाली? कंबर धरली तर क्रेन बोलवावी लागेल आम्हाला!"

"क्रेन कायले, यमुताई," बाबा वाकल्या वाकल्या म्हणाले, "तुम्ही वरून दोर सोडजा."

"दोर सोडायला मी काय रुसलेली राणी आहे?"

बाबा हसले. मिनलनं त्यांचं हसू पाहिलं आणि तिला हुंदका आला, तो तिनं खोकल्यात घातला. ऊन पार्किंगच्या पत्र्यावर चढत होतं. दोन तासांनी सिलिंडर बसला, नवं तेल ओतून झालं. आता हवा काढायची. बाबांनी नळी आणि बाटली घेतली, पोतं अंथरलं आणि तिच्याकडं पाहिलं. त्यांना विचारायचा संकोच वाटत होता. ती सीटवर जाऊन बसली. दार उघडंच ठेवावं लागलं. अंगात सलवार-कमीज, बेचाळीस वर्षांची बाई, पार्किंगमध्ये दुसरं चिटपाखरू नाही, वर यमुताई. तरी तिनं ओढणी मांड्यांवर नीट पसरली. मागचं डावं. मागचं उजवं. पुढचं डावं. दोघांना शब्दच लागत नव्हते. बाबांच्या पान्याची टकटक आणि तिचा पाय. शेवटच्या चाकाला बाबा दाराखाली सरकले, त्यांचं पांढरं डोकं तिच्या चपलेच्या हातभर खाली. तिनं पॅडल तळाला नेलं आणि धरलं. पोटरीत गोळा आला, कळ मांडीपर्यंत चढली, कपाळाला घाम सुटला. चार श्वास. पाच. सहा. ती धरून राहिली. बाबा म्हणाले तेव्हाच सोडलं.

ते उठले, तिला उतरायला सांगितलं आणि या वेळी स्वतः बसले. एकदा दाबलं. पुन्हा दाबून धरलं, मनातल्या मनात शंभर मोजावेत इतका वेळ. पाय दगडासारखा थांबलेला. त्यांचा चेहरा असा उलगडला की तिला तिच्या लहानपणचे बाबा दिसले, काळ्या केसांचे.

"हात गेला नव्हता माहा," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"त्या दिवशी मी असंच बसून दाबून पाह्यलं असतं तं रुपराव आज असता. तेवढंच चुकलं. आता भागीरथावहिनीले सांगाले जागा नाही, म्हनून तुले सांगतो." ते उतरले आणि एकेक पाना फडक्यानं पुसायला लागले. "तिचा भाऊ काय काय बोलला होता आठवते? म्या म्हटलं, पोरीचा पाय चुकत नाही. आजही पाह्य, सहा श्वास धरला तू, मी मोजून राहिलो होतो. मरेपर्यंत मी हेच सांगीन." पाने फडक्यात गुंडाळून त्यांनी गाठ मारली. "हे आता कोन्या गॅरेजवाल्याले देऊन टाक. आज माहं शेवटचं काम झालं. चूक केली तवा काम सोडलं होतं, आता निदान नीट करून सोडलं."

त्यांनी गाठोडं तिच्यापुढं धरलं. चेहऱ्यावर समाधान होतं. त्या समाधानाच्या तळाशी ती चूक तशीच होती, आता कायमची, त्यांच्या नावानं शिक्का मारलेली. गाठोडं घेतलं की झालं. ते वर जातील, आंघोळ करतील, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवतील, आणि आपला हात चुकला होता हे मानूनच एक दिवस जातील. तिनं हात पुढं केला नाही.

"बाबा, ठेवा ते खाली."

"जड आहे का वं?"

"माहा पाय चुकला होता."

बाबा हसले. "काहीबी बोलतं."

"शेवटच्या चाकाले तुम्ही सोड म्हणायच्या आधी मी पाय उचलला होता. हवा तेव्हा गेली आत. मले लगेच समजलं होतं. तुम्ही विचारलं तं मी कडक आहे म्हटलं. नव्हतं, बाबा. मऊ होतं. तुमचा हात चुकला नव्हता."

गाठोडं बाबांच्या हातातच होतं. वर यमुताईंच्या सुपातले तांदूळ वाजायचे थांबले होते. बाबांनी विचारलं, "काहून वं? काहून उचलला?"

"रुपरावकाका दारात उभे होते. माह्या मांड्यांकडं पाहून राहिले होते. तुम्ही खाली होते. मी स्कर्ट ओढाले पाय उचलला. आणि खोटं बोलली, कारण पुन्हा तिथं बसाचं नव्हतं मले." तिचा आवाज चढला नाही, तुटला नाही, पोटरीतली कळ अजून तशीच होती आणि ती त्याच पायावर भार देऊन उभी होती. "तुम्हाले एवढं तरी सांगता आलं असतं मले. कधीच सांगता आलं असतं. पण त्याच्या मागं अजून एक होतं, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं ना, का रुपराव गेला, तेव्हा पयले मले बरं वाटलं, बाबा. एका श्वासापुरतं. मले बरं वाटलं होतं."